न्हाणीघराची श्रीमंती

कुणाचं नवं घर पाहायला गेलं, की पूर्वी यजमान आधी दिवाणखान्यात बसवायचा, मग स्वयंपाकघर दाखवायचा, गच्चीवर नेऊन लांबची टेकडी दाखवायचा. न्हाणीघराच्या दाराशी आलं की "हे आपलं ते" असं म्हणून पुढे न्यायचा. आता उलट झालं आहे. पाहुण्याला बाथरूम आवर्जून दाखवतात. आत पाऊल टाकलं की दिवा आपोआप लागतो, छतातून पावसासारखा शॉवर कोसळतो, आरशात घड्याळ आणि तापमान दिसतं, आणि कमोडचं झाकण आपल्याला पाहून अदबीनं उघडतं. यजमान किंमत सांगत नाही. पण ती कळेल अशी व्यवस्था करतो.

मी कवी माणूस, मराठी घेऊन बी. ए. झालेला. नळाच्या वायसरपलीकडे मला या शास्त्रातलं काही कळण्याचं कारण नव्हतं. पण गेल्या काही वर्षांत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या निमित्तानं या विषयात शिरावं लागलं. गवंड्यांशी, नळवाल्यांशी, दोन-तीन वास्तुविशारदांशी तासन्‌तास बोललो, थोडं वाचलं. आणि लक्षात आलं, की ज्याला आपण बाथरूमची श्रीमंती म्हणतो, त्यातल्या बऱ्याचशा वस्तू श्रीमंतांच्या हौसेतून जन्मलेल्याच नाहीत. त्या जन्मल्या आजारी, अपंग आणि म्हाताऱ्या माणसांच्या अडचणीतून. काही जन्मल्या पाण्याच्या टंचाईतून. मग त्यांना चकाकी चढली, किंमत चढली, आणि त्या मूळ कुणासाठी होत्या हे विकणारा आणि विकत घेणारा दोघंही विसरले.

त्या अदबशीर कमोडचंच घ्या. पाण्याची धार सोडणारी, मग गरम हवेनं कोरडं करणारी ही बैठक म्हटली की जपान आठवतं. पण तिचं मूळ अमेरिकेत आहे. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या अर्नॉल्ड कोहेन या गृहस्थानं आजारी वडिलांची सोय म्हणून धुण्याची व्यवस्था असलेली बैठक तयार केली. १९६४ साली जपानच्या टोटो कंपनीनं ही बैठक आयात केली, ती प्रामुख्यानं दवाखान्यांसाठी. तिच्यात दोष पुष्कळ होते. पाणी कधी गार यायचं, कधी चटका बसेल इतकं गरम, आणि धार भलतीकडेच जायची. कंपनीनं मग स्वतःची बैठक घडवायला घेतली. धार नेमकी कुठे पडावी हे ठरवायला कंपनीतल्याच सुमारे तीनशे नोकरदारांची मापं घेतली. संकोचाची गोष्ट होती, विशेषतः बायकांना, पण घेतली. धारेचा कोन ४३ अंश आणि पाणी ३८ अंश सेल्सिअस हे आकडे त्यातून आले. शेवटची अडचण विजेची होती. पाण्याशेजारी नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग टिकवायचा कसा? भर पावसात उभे असलेले वाहतुकीचे दिवे बिघडत नाहीत, हे एका अभियंत्याच्या ध्यानात आलं आणि तोच मार्ग इथे वापरला गेला. १९८० साली ही बैठक 'वॉशलेट' या नावानं बाजारात आली. आज जपानमधल्या सुमारे ऐंशी टक्के घरांत अशी बैठक आहे.

आता पाण्यानं स्वच्छ होणं ही काही आपल्याला जपानकडून शिकायची गोष्ट नव्हती. शेजारच्या घरात टमरेल होतं, आमच्या घरात तोटीचा बदना होता, आणि अलीकडे दोन्ही घरांत जेट आला. पण टमरेल असो की जेट, तो धरणारा हात चालता हवा. अर्धांगवायू झालेल्या माणसाचा, संधिवातानं बोटं वाकलेल्या बाईचा हात मागे पोहोचत नाही. मग मुलगी येते, सून येते, किंवा पगारी बाई येते. जन्मभर ज्या माणसानं कुणापुढे मान वाकवली नाही, त्याला दिवसातून दोनदा वाकावं लागतं. हे मी जवळून पाहिलं आहे. अशा माणसाला ती बैठक म्हणजे चैन नव्हे. दार लोटून घेऊन एकटं बसण्याचा हक्क त्याला त्या बटणामुळे परत मिळतो. तिशीतला धडधाकट माणूस ती घेतो तेव्हा मात्र ती चैन असते. त्यालाही माझी ना नाही. मुद्दा इतकाच, की एकच वस्तू एकाला दागिना आहे आणि दुसऱ्याला कुबडी. घराचा आराखडा करताना आधी कुबडीचा विचार केला, तर दागिना त्यात आपोआप येतो. आधी दागिन्याचा केला, तर कुबडीला जागा राहत नाही.

हा विचार नवा नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वास्तुशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर किरा यांनी 'द बाथरूम' नावाचा ग्रंथ लिहिला. माणूस कसा वाकतो, कसा उठतो, साबण घ्यायला हात कुठवर जातो, हे त्यांनी अनेक वर्षं तपासलं होतं. न्हाणीघरातली भांडी शरीराच्या सोयीनं नव्हे तर सवयीनं आणि नळाच्या सोयीनं घडतात, ही त्यांची तक्रार. दुसरं नाव रोनाल्ड मेस यांचं. नवव्या वर्षी पोलिओ झालेला हा मुलगा पुढे वास्तुविशारद झाला. कॉलेजात असताना त्याला जिन्यावरून उचलून न्यावं लागे, आणि राहत्या जागी त्याची चाकाची खुर्ची न्हाणीघराच्या दारातून आत जात नसे. अपंगांसाठी वेगळी, दवाखान्यासारखी दिसणारी सोय नको. सगळ्यांसाठी जे बांधतो तेच सगळ्यांना वापरता येईल असं बांधा, हा मेस यांचा आग्रह. त्याला त्यांनी 'युनिव्हर्सल डिझाइन' हे नाव दिलं. आपल्याकडे २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, २०२१ साली केंद्र सरकारनं सुगम्यतेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण त्यांचा रोख मुख्यतः सार्वजनिक इमारतींवर आहे. तुमच्या-माझ्या घरातली न्हाणी तपासायला कुणी येत नाही. तिथे तपासनीस आपणच.

आता एक घरचा दाखला. माझ्या भाच्यानं पुण्यात फ्लॅट घेतला आणि मोठ्या बाथरूमवर हात सैल सोडून खर्च केला. काळी चकचकीत फरशी, काळ्याच भिंती, काचेची शॉवरची खोली, तिला चार इंचांचा उंबरा, छतात ताटाएवढा शॉवर, पितळी झाक असलेले नळ. आरसा तर असा, की त्यात पाहून आपणच आपल्याला 'साहेब' म्हणावं. त्याची आई, म्हणजे माझी मोठी बहीण, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्याकडे राहायला गेली. आपा वॉकर घेऊन दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. काळ्या फरशीवर पाणी सांडलंय की नाही ते तिला दिसेना. उंबरा ओलांडायला पाय उचलेना. धरायला गेली तर हातात टॉवेलची दांडी आली. म्हणजे अक्षरशः, स्क्रूसकट हातात आली. पडली नाही, अल्लाची मेहेरबानी. पलंगावर येऊन बसली आणि आमच्या दखनीत म्हणाली, "इत्ता पैसा लगाया, बैठनेकू जागा नै रखी."

भाचा वाईट नाही. आईवर त्याचा जीव आहे. त्यानं मला फोन केला, "मामू, तोडफोड करावी लागेल का?" थोडी करावी लागली. त्या निमित्तानं जे शिकलो, ते इथे सांगतो.

सुरुवात पायाखालून. फरशी निवडताना आपण ती दुकानात, कोरडी, बूट घालून, उभ्यानं पाहतो. वापरतो मात्र अनवाणी, साबणाच्या पाण्यात. घसरणीची एक जर्मन चाचणी आहे. तेल लावलेल्या फरशीवर माणूस चालवतात आणि फरशी हळूहळू तिरकी करत नेतात. तो घसरू लागतो त्या कोनावरून फरशीला आर-९ ते आर-१३ असा दर्जा देतात. आर-९ ही कोरड्या खोलीची फरशी. न्हाणीसाठी आर-११ मागावी. दुकानदार आधी गोंधळतो, मग आतून कॅटलॉग आणतो. अनवाणी पायांसाठी अ, ब, क अशी इंग्रजी अक्षरांची वेगळी प्रतवारी असते; त्यातलं तिसरं अक्षर सगळ्यांत खात्रीचं. अशी फरशी खरखरीत आणि कुरूप असते असा समज आहे, तो जुना झाला. शहाबादीसारखी दिसणारी, हाताला रेशमासारखी आणि पायाला धरून ठेवणारी फरशी आता मिळते. लहान तुकड्यांची फरशी आणखी बरी, कारण तिच्या सांध्यांची रेघ पायाला आधार देते. आपल्या जुन्या न्हाणीतली टाकी मारलेली शहाबादी हेच काम करत होती. ती काढून आपण आरशासारखी गुळगुळीत फरशी घातली आणि मग तिच्यावर रबरी चटई अंथरली.

मग उंबरा. बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा इंच-दीड इंच खाली, आणि दारात संगमरवरी पट्टी, ही आपली रीत. पाणी बाहेर येऊ नये म्हणून ती आहे. पण वॉकरचा पाय आणि चाकाच्या खुर्चीचं पुढचं चाक त्याच पट्टीला अडतं. त्याऐवजी दाराला समांतर अशी जाळीची लांब नाली बसवता येते. मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार दिला की पाणी मुकाट्यानं तिकडे जातं आणि उंबऱ्याचं काम संपतं. गंमत म्हणजे, सगळी खोली ओली होऊ शकते, कुठेही बसून आंघोळ करता येते, अशी रचना युरोपात 'वेट रूम' म्हणून भारी किमतीला विकतात. आपली मोरी दुसरं काय होती? पाटावर बसायचं, समोर घंगाळं, शेजारी बंब, आणि सगळं पाणी एका कोपऱ्यात. आपण उभे राहायला शिकलो, काचेच्या पेटीत शिरलो, आणि बसून आंघोळ करणं मागासलेपणाचं ठरवलं. भिंतीला घडी होणारी बैठक लावली की तोच पाट गुडघ्याच्या उंचीवर येतो. आपाच्या बाथरूममधली काचेची खोली काढली आणि तिथे अशी बैठक लावली, तेव्हा भाच्याच्या बायकोनं तिच्यावर सर्वांत आधी बसून पाहिलं. पाय घासायला इतकी सोय आधी कुठे होती, असं ती म्हणाली.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत पडलेलं माणूस बहुतेक वेळा दारालाच आडवं असतं, आणि आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर ढकलावं लागतं. कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी असावी. चाकाची खुर्ची वळायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. आपल्या फ्लॅटमधली आठ बाय पाच फुटांची न्हाणी नेमकी दीड मीटर रुंद असते; म्हणजे जागा आहे, फक्त बेसिनच्या खाली कपाट करून ती आपण भरून टाकतो. बेसिन भिंतीला टांगलं आणि खाली मोकळं ठेवलं, की खुर्चीवरच्या माणसाचे गुडघे त्याखाली जातात. कमोडचंही तेच. बाजारातल्या पुष्कळ कमोडांची उंची चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असते. गुडघे दुखणाऱ्याला पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस बरी. भिंतीला टांगलेला कमोड हवा त्या उंचीला लावता येतो, आणि खालून फरशी पुसता येते. तो लटकलेला दिसतो म्हणून लोक बसायला भितात. पण भिंतीआडच्या चांगल्या लोखंडी सांगाड्यांची परीक्षा चारशे किलो वजनाची असते. न्हाणीघरातला हा एक महागडा शौक मला मनापासून पटलेला आहे.

आधाराच्या दांडीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिच्याबद्दल मनात अढी फार. "दवाखाना वाटतो" हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं. दांडी मुठीत बसेल इतकी, चार सेंटिमीटरच्या आसपास जाड असावी, भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर सुटी असावी. त्याहून जास्त सुटली तर घसरलेला हात मनगटापर्यंत मध्ये अडकतो. ती विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत घट्ट बसायला हवी, नुसत्या टाइलला नव्हे. बाकी तिचा रंग, धातू, आकार तुमच्या आवडीचा. टॉवेल तिच्यावर खुशाल टाका. टॉवेलच्या दांडीचा आधार करू नये. आधाराच्या दांडीवर टॉवेल कधीही चालतो.

रंगाचं एक. पांढरी फरशी, पांढरी भिंत, पांढरा कमोड हे छायाचित्रात सुरेख दिसतं. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला त्यात कमोड कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. सगळं काळं केलं तरी तेच. दोन रंगांत स्पष्ट फरक हवा, एवढंच.

आता पाण्याकडे वळतो. मी सोलापूरचा. आमच्या शहरानं वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी पाहिलं आहे. पाण्याचं पिंप म्हणजे आमच्याकडे घरातलं एक माणूसच. त्यामुळे छतातला तो पाऊस पाहिला की माझा हिशेब सुरू होतो. मोठा शॉवर मिनिटाला पंधरा लिटर पाणी सहज टाकतो. आठ मिनिटांची आंघोळ म्हणजे १२० लिटर. बादली साधारण अठरा लिटरची. म्हणजे पावणेसात बादल्या. शहरातल्या माणसाला दिवसभराच्या सगळ्या कामांसाठी मिळून १३५ लिटर पाणी धरण्याचा सरकारी संकेत आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. एका जिल्ह्याच्या गावानं त्याकडे डोळे लावले होते. अशा चार हजार आंघोळींत ती गाडी रिकामी झाली असती.

यावर उपाय म्हणून बादलीच वापरा, असं मी सांगणार नाही. वाकून तांब्या भरणं पाठीला सगळ्यांना जमत नाही. पण बसायची बैठक आणि हातात धरायचा शॉवर, ज्याच्या मुठीवरच बंद करायचं बटण आहे, ही जोडी बादलीइतक्याच पाण्यात काम भागवते. साबण लावताना पाणी बंद, धुताना चालू. म्हणजे जी सोय गुडघ्यासाठी केली तीच पाण्यालाही लागू पडली. मिनिटाला सहा-सात लिटरचा, पाण्यात हवा मिसळणारा शॉवर घेतला तर अंगावर पाणी कमी पडतंय असं वाटतही नाही.

फ्लशचं दोन बटणांचं तंत्र असंच गरजेतून आलं. ऑस्ट्रेलिया हा कोरडा देश. तिथल्या कॅरोमा कंपनीत ब्रूस थॉम्प्सन यांनी १९८० साली मोठ्या आणि छोट्या अशा दोन मात्रांची टाकी तयार केली. तेव्हा मात्रा अकरा आणि साडेपाच लिटर होत्या. आता सहा आणि तीन लिटर सर्रास मिळतात. चार माणसांच्या घरात दिवसाला वीस वेळा फ्लश झाला असं धरा. जुन्या दहा लिटरच्या टाकीला दोनशे लिटर लागतील. नव्या टाकीला, चारदा मोठं आणि सोळा वेळा छोटं बटण दाबलं, तर बहात्तर. मात्र हा हिशेब आतली रबरी चकती धड असेल तरच खरा. टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबा. बटण न दाबता भांड्यात रंग उतरला तर पाणी रात्रंदिवस झिरपतंय असं समजा. हे पाहायला इंटिरियरवाला लागत नाही.

आमच्या घरांत आणखी एक गरज असते, वजूची. दिवसातून पाच वेळा हात, तोंड, पाय धुणं. म्हातारी माणसं बेसिनवर एक पाय उचलून धुवायला जातात, ओल्या फरशीवर एका पायावर उभी, आणि पडतात. मशिदीत बसायचे ओटे आणि समोर खाली नळ असतात. घरात कुणी तसं करत नाही. त्याच घडीच्या बैठकीसमोर खालच्या बाजूला एक तोटी काढली, की झालं. पाण्याचं म्हणाल, तर पैगंबरसाहेब एका 'मुद्द' पाण्यात वजू करीत असं हदीसमध्ये येतं. मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. वाहत्या नळाखाली आपण त्याच्या कितीतरी पट सांडतो. म्हणून तोटी हळू धारेची.

गरम पाण्यात चैन आणि धोका शेजारी शेजारी राहतात. एक बादली पाणी वीस अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. दोनशे लिटरचा टब भरायचा तर चार-साडेचार युनिट. सौर बंब गच्चीवर असतो, ऊन फुकट असतं. पण पाणी खाली येईपर्यंत पाइपमधलं गार पाणी आधी सोडून द्यावं लागतं. पाऊण इंची पाइप वीस मीटर लांब असेल तर ते सहा लिटर होतं, दर वेळी, प्रत्येक माणसामागे. म्हणून पाइपाला गरम राखणारं आवरण घालावं, तो आखूड ठेवावा, आणि ते पहिलं पाणी बादलीत धरावं, फरशीला होतं. चटक्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. गीझरमध्ये पाणी साठ अंशांपर्यंत तापतं, आणि साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. मधुमेहानं ज्यांच्या पायांची जाणीव गेली आहे त्यांना ते कळतही नाही. त्यासाठी तापमान बांधून देणारा नळ मिळतो, थर्मोस्टॅटिक म्हणतात त्याला. आत मेणाची एक कांडी असते. पाणी तापलं की मेण फुगतं आणि गरम पाण्याची वाट अरुंद करतं. वीज लागत नाही. अडतीसवर लावून ठेवा; गार पाणी मधेच गेलं, तरी तो गरमही बंद करतो. आपाच्या बाथरूममध्ये सगळ्यांत आधी मी हा नळ बसवायला लावला. गॅसचा गीझर मात्र बंद न्हाणीत कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही.

राहिलं तंत्रज्ञान. त्याला माझा एकच प्रश्न असतो : लाइट गेल्यावर काय? आपोआप फ्लश होणाऱ्या कमोडाला हातानं दाबायचं बटण आहे का? डोळ्यानं पाहून सुरू होणारा नळ बॅटरीवर चालतो का? प्रेशरचा पंप बंद पडला तर शॉवरमधून थेंब तरी येईल का? या प्रश्नांवर विक्रेता गप्प झाला तर वस्तू तिथेच ठेवावी. काही नव्या गोष्टी मात्र खरोखर मोलाच्या आहेत. रात्री पाय आत पडताच जमिनीजवळ लागणारा मंद दिवा, डोळे न दिपवणारा, हा त्यातला सर्वांत स्वस्त. माणूस पडलं तर कळवणारी, रडारच्या तत्त्वावर चालणारी छोटी यंत्रं निघाली आहेत. त्यांत कॅमेरा नसतो, त्यामुळे लाज राखून पहारा होतो. आणि जुनी, साधी घंटीची दोरीही विसरू नये. फक्त ती जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत लोंबती असावी. आमच्याकडे विजेच्या कारागिरानं ती आधी खांद्याच्या उंचीला, नीटनेटकी गुंडाळून ठेवली होती. घंटी वाजवायची वेळ येते तेव्हा माणूस उभं नसतं, हे त्याला सांगितल्यावर त्यानं कपाळाला हात लावला.

खर्चाचं विचाराल, तर यातल्या बहुतेक गोष्टी पितळी झाकेच्या नळांपेक्षा स्वस्त आहेत. अट इतकीच, की टाइल लागण्यापूर्वी त्या ठरलेल्या हव्यात. नंतर प्रत्येक गोष्टीला छिन्नी लागते. आज तुमच्या घरी कुणी म्हातारं नसेल, दांड्या नको असतील, तर लावू नका. पण कमोडच्या बाजूची आणि बैठकीमागची भिंत पोकळ ठोकळ्यांची असेल, तर तेवढा भाग गवंड्याकडून काँक्रीटनं भरून घ्या. त्या भिंतीतून पाइप किंवा वायर नेऊ देऊ नका. आणि टाइल चढण्याआधी मोबाइलवर भिंतीचा फोटो काढून ठेवा. फोटो काढताना भिंतीला मापाची टेप लावायला विसरू नका, जमिनीपासून उभी आणि कोपऱ्यापासून आडवी. दहा वर्षांनी ड्रिल घेऊन येणाऱ्या माणसाला तीच विचारावी लागणार आहे.